हौसाची बैठक

आमच्या घरात माणसं दोनच कारणांनी बसायची, जेवायला आणि रडायला. बाकी सगळं उभ्यानं, वाकून किंवा चालता चालता व्हायचं. हिर्डोशीच्या अलीकडे, वरंध घाटाच्या रस्त्यापासून वर डोंगरात आमची नऊ उंबऱ्यांची वाडी होती. खालच्या रस्त्यानं दिवसातून दोनदा एसटी जायची. वळणावर तिचा हॉर्न वाजला की आई तव्यावरची भाकरी उलथता उलथता म्हणायची, "आली गं बाय." त्या एसटीतून आमच्याकडे कुणी यायचं नाही, पण ते सांगितल्याशिवाय आईला राहवायचं नाही. भाकरी नाचणीची, हाताच्या पंज्याएवढी जाड. तिच्याबरोबर हुलग्याचं पिठलं नाहीतर निखाऱ्यावर भाजलेलं सुकट, आणि घरच्या कोंबडीनं मनावर घेतलं तर अंडं. भोंगवलीच्या मावशीकडून वर्षातून एकदा शेंगांचं पोतं यायचं. ते कोपऱ्यात उभं असेपर्यंत आम्ही येता-जाता त्यात हात घालायचो आणि आई येता-जाता त्या हातावर मारायची.

हौसा माझ्याहून आठ वर्षांनी धाकटी. माझ्यानंतरची दोन भावंडं जगली नाहीत, म्हणून ही जगली तेव्हा वडिलांनी हौसेनं नाव हौसा ठेवलं. ती चालायला न शिकता थेट पळायलाच लागली, असं आई सांगायची, आणि मला ते खरं वाटतं. एका जागी उभं राहून तिनं कधी वेणी घालून घेतली नाही. आई फणी घेऊन तिच्यामागं अंगणभर फिरायची आणि वेणी पुरी व्हायची ती गोठ्यापाशी. पाण्याला पाठवली तर ओटीभर करवंदं घेऊन यायची आणि कळशी झऱ्यावरच राहायची. बोलता बोलता मध्येच दुसरं बोलायची, कुणाचं ऐकता ऐकता उठून जायची, आणि रागावलं की इतक्या खऱ्या चेहऱ्यानं "इसरले" म्हणायची की रागावणाराच ओशाळायचा. आईनं तिच्यावर कधी औषध केलं नाही की अंगारा लावला नाही. उजाडताना ती हौसाला शेळ्यांमागं वरच्या धारेपर्यंत पिटाळायची. आली की भाकरी, वर मूठभर शेंगा, असलं तर अंडं. मग शाळा. शाळा हिर्डोशीला, मोठ्या माणसाच्या चालीनं दीड तासावर. हौसा तासाच्या आत पोचायची. तिथले गुरुजी म्हातारे आणि झोपाळू होते, पण त्यांनी शाळेतली उभ्यानं करायची सगळी कामं हौसाकडे सोपवली होती. घंटा तिनं द्यायची, रांजण तिनं भरायचा, खडू तिनं आणायचे. मधल्या वेळात ती शिकायची, आणि चांगली शिकायची. तिचे तिसापर्यंतचे पाढे पाठ होते. संध्याकाळी चुलीपुढं मांडी घालून ती पाटीवर गणितं सोडवायची, आणि आई तिला हाक मारून दमायची तरी तिला ऐकू जायचं नाही.

म्हणजे हौसा बसायची. हे वाक्य लिहायला मला चव्वेचाळीस वर्षं लागली.

मी तेव्हा घरात नव्हते. मला वसतिगृहात घातलं होतं आणि मी सुट्टीपुरती पाहुण्यासारखी यायचे. वसतिगृहाच्या बाई कडक होत्या. पहाटे पाचला उठवून त्या आम्हाला भिंतीकडे तोंड करून अभ्यासाला बसवायच्या आणि चार तास कुणाला हलू द्यायच्या नाहीत. ज्या मुलीची बैठक मोडेल तिचा चहा बंद. मला त्या बैठकीनं दहावी दिली, डी.एड. दिलं, भोरला प्राथमिक शाळेत नोकरी दिली. जे औषध आपल्याला लागू पडलं ते जगाला लागू पडतं अशी माझी खात्री झाली होती. शिवाय मी मास्तरीण झाले होते, म्हणजे मला सगळं कळत होतं.

सातवीनंतर हौसाला भोरला माझ्याकडे आणायचं हे मीच ठरवलं. माझ्याखेरीज वाडीतली एकही मुलगी सातवीपुढं गेली नव्हती. हौसाला नर्स व्हायचं होतं. डोंगरातल्या वाड्यांवर एक नर्सबाई पायी यायच्या, खांद्याला पेटी, पायात कॅनव्हासचे बूट. त्या पोरांना सुया टोचायच्या, बाळंतिणींना गोळ्या द्यायच्या आणि आमच्याकडे गूळपाणी पिऊन पुढच्या वाडीला निघायच्या. हौसा त्यांच्याबरोबर पुढच्या दोन वाड्या हिंडून यायची. दिवसभर चालायचं आणि वर लोकांनी बाई म्हणायचं, असं काम जगात असतं याचाच तिला अचंबा वाटायचा. त्यासाठी दहावी पास व्हावं लागतं हे मी तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "हुईन की." आईनं निघताना शेंगांचं गाठोडं दिलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "हिला मोकळी सोडत जा सकाळची. मग ती ऐकती." मी मान डोलावली आणि एसटीत बसेपर्यंत ते विसरले.

भोरात माझी एक खोली होती, शेणानं सारवलेल्या जमिनीची, मागं एक सामायिक अंगण. अंगणाच्या पलीकडे जैतूनभाभी राहायच्या. त्यांच्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि त्या घरी शिवणकाम करायच्या. सकाळपासून त्यांचं मशीन चालायचं. सुरुवातीला मला त्या आवाजाचा त्रास व्हायचा, मग सवय झाली, आणि आता कुठं शिलाई मशीनचा आवाज आला तर मला उभंच राहवत नाही. अंगणात त्यांच्या पाच-सहा कोंबड्या हिंडत.

आठवीत मुलींच्या शाळेतून हौसाच्या तक्रारी यायला लागल्या. तासाला पाय हलवते, बाईंचा प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर देते, खिडकीतून बाहेर बघते, तीन महिन्यांत चार कंपासपेट्या हरवल्या. मी आमच्या शाळेत हे सांगितलं, तर शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांचं एकमत झालं. पोरीच्या अंगात उष्णता आहे. एका जुन्या बाईंनी मला कागदावर पथ्यच लिहून दिलं. अंडी बंद, सुकट बंद, शेंगा, गूळ, ठेचा, हुलगे, सगळं उष्ण, सगळं बंद. मग सकाळी दूध, साखर आणि पाव, दुपारी मऊ भात, संध्याकाळी साबुदाण्याची खीर, नाहीतर चहा-बिस्किटं. डोक्यावर तेल थापायचं. आणि रोज रात्री जेवण झालं की काशाच्या वाटीनं तळपाय घासायचे.

ती काशाची वाटी अजून माझ्याकडे आहे. हौसाचे तळवे घट्ट, अनवाणी चालून चालून कातड्यासारखे झालेले. त्यांना तूप लावून मी वाटी फिरवायचे आणि थोड्या वेळानं तळवे काळे पडायचे. काळे पडले म्हणजे उष्णता बाहेर निघाली, असं आम्ही सगळेच मानायचो. मी ते काळं फडक्यानं पुसून तिला दाखवायचे, बघ किती होती. हौसाला गुदगुल्या व्हायच्या. ती हसायची आणि तेवढा वेळ पडून राहायची, गुरुजींच्या, शेळ्यांच्या, नर्सबाईंच्या गोष्टी सांगायची. मी तिला काही फक्त छळत नव्हते, एवढं तरी मला म्हणू दे. माझा तिच्यावर फार जीव होता, आणि तो जीव मी असा वापरला.

आठवी आणि नववी ती कशीबशी ढकलत पुढं गेली. माझी शाळा सकाळची, साडेसहाला मी निघायचे. तिची दुपारची. मधले चार तास तिनं भिंतीकडे तोंड करून बसायचं, असा माझा नियम. आल्यावर मी वही बघायचे. वहीत दोन गणितं आणि चौदा चित्रं असायची. मी रागवायचे, कधी हातही उचलायचे. ती मारही उभ्यानंच खायची.

दहावीच्या पावसाळ्यानंतर काहीतरी बदललं. वह्या भरायला लागल्या. रात्री ती पडल्या पडल्या झोपायला लागली. सहामाहीत गणितात कशीबशी पास झालेली पोर पूर्वपरीक्षेत एकसष्ट मार्क घेऊन आली, आणि मुलींच्या शाळेतल्या बाईंनी मला रस्त्यात थांबवून विचारलं की काय केलंत. मी काय केलं ते मी त्यांना सविस्तर सांगितलं. पथ्य सांगितलं, बैठक सांगितली, काशाची वाटी सांगितली. घरी पत्र लिहिलं की हौसाची उष्णता उतरली, आता ती दीड-दीड तास जागची हलत नाही. वडिलांना वाचता येत नव्हतं. गुरुजींनी वाचून दाखवलं, आणि आईनं उलट निरोप पाठवला की सकाळची मोकळी सोडतेस ना, मग ठीक. त्या निरोपाचा मला रागच आला होता.

मग एक दिवस आमच्या शाळेला दुखवट्याची सुट्टी मिळाली आणि मी आठच्या आत घराकडे निघाले. नीरेच्या पुलाजवळ आले तर समोरून पुरुषी सायकलवर एक पोरगी येत होती, परकर खोचलेला, वेणी सुटलेली, उठून उभ्यानं पायडल मारत. मी मनात म्हटलं, कुणाची बाई ही. तेवढ्यात तिनं घंटी वाजवली आणि ओरडली, "अक्का!" तिच्या चेहऱ्यावर भीतीचा लवलेश नव्हता. तिला वाटलं, मला आनंद होईल.

घरी येईपर्यंत सगळं बाहेर आलं. पावसाळा संपल्यापासून रोज मी गेले की ती जैतूनभाभींच्या दुकानातली सायकल घ्यायची. पुलापर्यंत आणि पुढं नाक्यापर्यंत दोन फेऱ्या. परत आली की भाभी तिला दोन उकडलेली अंडी आणि बाजरीची भाकरी द्यायच्या, वर मूठभर शेंगा. मग ती त्यांच्या मशीनशेजारी खाली बसून गणितं सोडवायची. मशीन चालू असलं की तिचं डोकं चालायचं, असं तिचं म्हणणं. मी यायच्या आत ती खोलीत परत.

मला काय झालं ते आज मी नीट सांगू शकते. मला भाभींचा राग आला नव्हता. एकसष्ट मार्क माझे नव्हते, ते मला सहन झालं नाही. मी अंगणात उभी राहिले आणि भाभींना बोलावलं. त्या सुईत दोरा तसाच ठेवून बाहेर आल्या. मी त्यांना म्हणाले की मुलीच्या आरोग्याशी खेळ करू नका, तिला उष्ण चालत नाही, वयात आलेल्या मुलीला रस्त्यानं सायकलवर उंडारायला देऊ नका. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बाई, तुमी मास्तरीण, म्या अडाणी. पर एक सांगू का, रागवू नगा. हिला आदी पळू द्या, पोटाला नीट द्या, मग बसवा. बसती ती. म्या रोज बघती न्हवं."

"तुमची अंडी तुमच्याकडेच ठेवा," मी म्हणाले.

त्यांनी पदर तोंडाशी धरला आणि आत गेल्या. थोड्या वेळानं मशीन सुरू झालं. हौसा सायकलची घंटी हातात धरून दारात उभी होती, घंटी सैल होऊन निघाली होती आणि बसवून घ्यायची राहिली होती. मी ती घंटी तिच्या हातातून घेतली आणि भाभींच्या पायरीवर ठेवली.

परीक्षेला सात आठवडे होते. मुलींच्या शाळेनं अभ्यासाची सुट्टी दिली होती. दुसऱ्या दिवसापासून मी निघताना खोलीच्या दाराला बाहेरून कडी घालायला लागले. मी दुपारी येईपर्यंत आत दूध, पाव, माठ आणि पुस्तकं. मोरी आतच होती, म्हणून अडचण नव्हती. वाचणाऱ्याला हे भयंकर वाटेल. तेव्हा मला ते कर्तव्य वाटत होतं, आणि आजूबाजूच्या दोन-तीन बाया माझं कौतुकही करत होत्या. फक्त भाभी एकदा नळावर हळूच म्हणाल्या, "दार तरी उघडं ठिवा, बाई. पोर आत सारखी चालती." मी बादली उचलून निघून आले.

ती आत चालत होती हे मला माहीत होतं, कारण जमिनीवर दिसायचं. दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत सारवण उडून एक पट्टा पडला होता, जनावरांच्या येण्याजाण्यानं रानात पडतो तसा. मी दर तिसऱ्या दिवशी शेण आणून तो लिंपायचे आणि तिला बोल लावायचे. ती खाली मान घालून मला शेण कालवून द्यायची. चौथ्या दिवशी पट्टा पुन्हा तिथंच. वहीत पुन्हा चित्रं यायला लागली होती, आणि ती सगळी रस्त्यांची होती. रात्री ती झोपायची नाही. मी तळपाय घासायचे, ती हसायची नाही. मी समजून चालले की परीक्षेचा ताण आहे.

गणिताच्या पेपराला मी शाळेबाहेर थांबले होते. घंटा व्हायच्या तासभर आधी ती एकटीच बाहेर आली. चेहरा फुललेला. म्हणाली सगळं सोपं होतं, सगळं सोडवलं. मी प्रश्नपत्रिका हातात घेतली, उलटली आणि तिला दाखवली. तिनं तो कागद एकदा पुढून, एकदा मागून बघितला. मग म्हणाली, "मागच्या अंगाला पन हुतं व्हय? म्या पानच उलटलं न्हाई, अक्का." मी तिला तिथं, रस्त्यात, सगळ्या मुलींच्या पालकांदेखत मुस्कटात मारली.

निकालाच्या दिवशी तिचा नंबर नव्हता. गणित आणि इंग्रजी. ती रडली नाही, मी रडले. मी तोंड धुऊन येईपर्यंत ती खोलीत नव्हती. स्टँडवर बघितलं, नदीच्या घाटावर बघितलं, शेवटी जैतूनभाभींच्या दाराशी गेले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. त्यांनी नवऱ्याला सायकलवर सगळीकडे पाठवलं आणि माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी एसटीच्या कंडक्टरकडून निरोप आला की पोरगी घरी पोचली. भोरपासून आमच्या वाडीखालच्या रस्त्यापर्यंत एसटीलाच दीड तास लागायचा. ती चालत गेली होती. मी गेले तेव्हा ती चुलीपुढं बसून नाचणीची भाकरी खात होती. तीन वर्षं तूप लावून लावून मी तिचे तळवे मऊ केले होते, ते फोडांनी भरले होते. आई माझ्याशी वाईट बोलली नाही. "उलीसं खाऊन घे," एवढंच म्हणाली आणि माझ्यापुढंही ताट ठेवलं.

ऑक्टोबरात परत परीक्षा देता येते असं मी सांगितलं. हौसानं नको म्हटलं. वडिलांनी वेल्ह्याकडचं स्थळ आणलं. मला वाटलं, संसारात पडली की बसेल. मी अक्षता टाकल्या.

सासरी तिच्यावर काय गेलं ते मला तुकड्या-तुकड्यांनी कळलं. दूध उतू जाऊ देते, दिवा विझवायचा विसरते, अर्धी भांडी घासून उठून जाते. सासूनं दोनदा तिला घराबाहेर काढलं, नवऱ्यानं काठी वापरली. पुढं तिनंच एक युक्ती काढली. अंधार असताना डोक्यावर दुधाची किटली घेऊन वेल्ह्याच्या बाजारापर्यंत चालत जायचं आणि चालत यायचं. आल्यावर घरकाम तिला जमायचं. तशी वीस-पंचवीस वर्षं गेली, आणि मला वाटतं तीच तिची बरी वर्षं. मग गावापर्यंत रस्ता झाला आणि दूध न्यायला दारातच टेम्पो यायला लागला.

हे सगळं मी आत्ता का लिहितेय ते सांगते. माझी नात सई नऊ वर्षांची आहे, पुण्यात असते. तिच्या शाळेतून तक्रारी आल्या. त्या तक्रारी माझ्या मुलीनं, मधुरानं, मला फोनवर वाचून दाखवल्या तेव्हा मला पुढचं वाक्य आधीच माहीत होतं. कंपासपेटीसुद्धा. मी त्यांच्याबरोबर डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर मधुरापेक्षा लहान, शांत बोलणाऱ्या. दोन-तीन भेटींनंतर त्यांनी एडीएचडी असं नाव सांगितलं. हा स्वभावाचा दोष नाही, लाडानं किंवा गोडानं हे होत नाही, मेंदूची घडणच जरा वेगळी असते, असं समजावलं. मग कागदावर लिहून दिलं. झोप वेळेवर. सकाळी शाळेआधी धावणं, सायकल, पोहणं, तिला आवडेल ते. न्याहारीला नुसता चहा-बिस्किट किंवा पाव नको. अंडं, उसळ, शेंगदाणे, नाचणीची भाकरी द्या. गरज पडली तर गोळ्याही द्याव्या लागतील, त्याची भीती बाळगू नका. मी तो कागद वाचला आणि मला त्यात आईचं अक्षर दिसलं, जिला अक्षर येत नव्हतं.

मधुरा आणि सई बाहेर गेल्यावर मी मागं थांबले. विचारलं, समजा एखादी मुलगी होती, तिला हे सगळं मिळत होतं, आणि कुणीतरी ते बंद केलं, तर ती त्यामुळेच नापास झाली असेल का. डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "आजी, तसं छातीठोक नाही सांगता येत. व्यायामानं बऱ्याच मुलांना मदत होते. खाण्याचं अजून तितकं पक्कं माहीत नाही, पण उपाशी पोटी कुणाचंच लक्ष लागत नाही. कदाचित ती पास झाली असती. कदाचित तिला आणखी मदत लागली असती." हो म्हणाल्या असत्या तर मी रडून मोकळी झाले असते. नाही म्हणाल्या असत्या तरी झाले असते. आता हे 'कदाचित' मी बरोबर घेऊनच जाणार.

गेल्या महिन्यात आम्ही हौसाकडे गेलो. वेल्ह्याच्या पुढं, तोरण्याच्या पायथ्याला तिचं घर आहे. दोन वर्षांपूर्वी ती अंगणात पडली आणि खुब्याचं हाड मोडलं, त्यातून ती उठलीच नाही. दाराशी खाटेवर बसलेली होती, पाठीला उशी. मला बघून हसली आणि म्हणाली, "ये अक्का. आता बसले बघ म्या."

ती टोचून बोलली नाही. हौसाला टोचून बोलता येतच नाही. सई तोवर कोंबड्यांच्या मागं अंगण पालथं घालत होती. हौसानं तिच्याकडे बघत विचारलं, "हिला सकाळी कोन पळवतं?" मी म्हणाले, मी, आता पुण्यात त्यांच्याकडेच राहते. सहा वाजता मैदानावर नेते, पाच फेऱ्या होईपर्यंत उभी राहते, घरी आलो की अंडी उकडते. फरक पडतोय का, असं तिनं विचारलं. काही दिवस बरे जातात, काही नाही जात, मी खरं ते सांगितलं. हौसानं मान हलवली. जैतूनभाभी आहेत का म्हणाली. त्या जाऊन बारा वर्षं झाली होती, आणि मी तिला कळवलंही नव्हतं.

मी तिच्या पायाशी बसले. पांघरूण सारखं करताना तळवा हाताला लागला. कातड्यासारखे ते तळवे इतके मऊ झाले होते की मला हात मागं घ्यावा लागला. मग मी बोलले. अंड्यांचं बोलले, सायकलचं, पेपराच्या दिवशी मारलं त्याचं, बाहेरून कडी घालायचे त्याचं. सगळं क्रमानं, शाळेत कबुली देतात तसं. म्हणाले, हौसे, माझं चुकलं गं, मी तुझं वाटोळं केलं. तिनं माझा हात धरला. तिची बोटं मात्र तशीच, सारखी हलणारी.

"कुटलं काय काढतीस," ती म्हणाली. "तू माज्यासाठीच केलंस. म्या तर इसरले बी."

आणि मी तिच्यावर विश्वास ठेवला. लहानपणापासून ती सगळंच विसरत आली होती.

चहा झाला, निघायची वेळ झाली. गडावरून वारं सुटलं होतं आणि खाटेवर थेट येत होतं. मी उठले, तिच्या अंगावरचं पांघरूण गळ्यापर्यंत ओढलं, आणि बाहेर पडताना वारं लागू नये म्हणून दार ओढून घ्यायला कडीला हात घातला.

"अक्का," हौसा आतून म्हणाली. आवाज एकदम बारीक, पंधरा वर्षांच्या पोरीचा. "दार नगं लावूस. उगडंच ऱ्हाऊ दे."

तिची सून माझ्यामागं उभी होती. ती हळूच म्हणाली की आत्या कधीच लावू देत न्हाईत, थंडीतबी न्हाई. आमी सगळी गोधड्या घिऊन निजतो.

मी हात काढला. दार होतं तसं उघडं ठेवलं, ते मिटू नये म्हणून एक दगड आणून टेकवला, आणि गाडीकडे चालू लागले.